टीव्ही व ध्वनियंत्रणेचे स्वयंचलित वीजनियंत्रण

दूरचित्रवाणी संच (टीव्ही) सुरू वा बंद केला असता त्याला जोडलेला साउंडबार, एव्ही रिसीव्हर किंवा होम थिएटर आपोआप सुरू वा बंद होण्याच्या व्यवस्थेस स्वयंचलित वीजनियंत्रण म्हणतात. सध्याच्या बहुतेक घरगुती उपकरणांत हे काम एचडीएमआय केबलमधील सीईसी या नियंत्रण-तारेमार्फत होते. 'कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल' या नावाचे सीईसी हे लघुरूप आहे.

सर्व उपकरणे एकाच रिमोटने चालावीत, हा या व्यवस्थेचा हेतू आहे. प्रत्यक्षात टीव्ही बंद केल्यावरही साउंडबार चालू राहणे, टीव्ही सुरू झाला तरी साउंडबार झोपलेलाच असणे किंवा मध्यरात्री टीव्ही आपणहून सुरू होणे या तक्रारी नेहमी आढळतात. अशा वेळी केबल किंवा साउंडबार बिघडला असे समजून नवीन आणला जातो आणि तक्रार कायम राहते. याचे कारण असे की, वीज चालू-बंद करण्याचा निर्णय एकाहून अधिक यंत्रणा परस्परांपासून स्वतंत्रपणे घेत असतात: सीईसीचे संदेश, एआरसी या ध्वनिमार्गाची जुळणी, ध्वनिसंकेताची चाहूल घेणारे मंडल आणि ऊर्जाबचतीसाठी बसवलेले कालमापक. त्यांपैकी कोणत्या यंत्रणेने काम करणे अपेक्षित होते, हे निश्चित झाल्याखेरीज दोष सापडत नाही.

पार्श्वभूमी

सीईसीचे मूळ युरोपात आहे. तेथील टीव्ही व व्हिडिओ रेकॉर्डर यांना जोडणाऱ्या स्कार्ट या एकवीस टोकांच्या जोडणीतील १० क्रमांकाच्या टोकावरून उपकरणे परस्परांना साध्या आज्ञा देऊ शकत. एव्ही.लिंक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे मानक सेनेलेक या युरोपीय संस्थेने केले होते. एचडीएमआयची १.० ही पहिली आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एव्ही.लिंकवर आधारलेली ही नियंत्रण-तार तीत समाविष्ट करण्यात आली. तथापि आज्ञांचा पूर्ण संच आणि त्यांच्या चाचण्या २००५ मधील १.२अ या आवृत्तीत आल्या. २००९ च्या १.४ आवृत्तीने एआरसी, म्हणजे टीव्हीकडून ध्वनियंत्रणेकडे त्याच केबलने उलट दिशेने आवाज पाठवण्याची सोय, आणली. २०१७ च्या २.१ आवृत्तीने तिचे सुधारित रूप ईएआरसी आणले.

सीईसीची तार केबलमध्ये असणे हा मानकाचा भाग असला, तरी उपकरणाने सीईसीच्या आज्ञा समजून घेणे ऐच्छिक ठेवण्यात आले, आणि आज्ञांपैकी कोणत्या पाळायच्या यातही उत्पादकांना मोकळीक मिळाली. शिवाय प्रत्येक कंपनीने या सोयीला आपले वेगळे नाव दिले. सॅमसंगची 'ॲनीनेट प्लस', सोनीची 'ब्राव्हिया सिंक', एलजीची 'सिंपलिंक', पॅनासॉनिकची 'व्हिएरा लिंक', फिलिप्सची 'ईझीलिंक', शार्पची 'ॲक्वॉस लिंक' आणि ऑन्क्योची 'आरआयएचडी' ही सर्व मुळात सीईसीचीच नावे आहेत. सेटिंगच्या यादीत 'सीईसी' हा शब्द न सापडल्याने आपल्या टीव्हीत ही सोय नाही, असा समज करून घेणारे ग्राहक म्हणूनच आढळतात.

कार्यपद्धती

एचडीएमआयच्या नेहमीच्या जोडणीत १९ टोके असतात. त्यांपैकी १३ क्रमांकाचे टोक सीईसीसाठी राखलेले आहे. चित्र व आवाज वाहून नेणाऱ्या तारांशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसते म्हणून केबल निर्दोष आहे, असे अनुमान सीईसीच्या बाबतीत काढता येत नाही.

चित्राची प्रत्येक जोडणी स्वतंत्र असते. सीईसीची तार मात्र घरातील सर्व एचडीएमआय उपकरणांत सामायिक असते. विश्रांतीत तिच्यावर सुमारे ३.३ व्होल्ट दाब असतो आणि बोलू इच्छिणारे उपकरण तो ठरावीक काळ खाली ओढून संदेश पाठवते. एक बिट पाठवण्यास २.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे वेग सेकंदाला जेमतेम चारशे बिटांचा. 'झोपा' हा संदेश दोन खंडांचा आहे: पहिल्यात पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, दुसऱ्यात आज्ञा. प्रत्येक खंड दहा बिटांचा असल्याने आणि आरंभखूण ४.५ मिलिसेकंदांची असल्याने तो पाठवण्यास एकूण सुमारे ५२.५ मिलिसेकंद पुरतात. एवढ्या संथ तारेवर पाच-सहा उपकरणे एकाच वेळी जागी होऊन बोलू लागली, तर संदेश एकमेकांवर आदळतात व ते पुन्हा पाठवावे लागतात.

प्रत्येक उपकरणाला दोन पत्ते असतात. पहिला त्याचे जोडणीतील स्थान सांगतो. टीव्हीचा पत्ता नेहमी ०.०.०.० असतो, त्याच्या पहिल्या खोबणीला लावलेल्या उपकरणाचा १.०.०.०, दुसऱ्या खोबणीतील रिसीव्हरच्या पहिल्या खोबणीत लावलेल्या उपकरणाचा २.१.०.०, याप्रमाणे. दुसरा पत्ता उपकरणाचा प्रकार सांगतो आणि तो ० ते १५ या आकड्यांत असतो. ० हा टीव्हीचा, ५ हा ध्वनियंत्रणेचा, ४, ८ व ११ हे प्लेअर प्रकारच्या उपकरणांचे आणि १५ हा सर्वांना उद्देशून केलेल्या घोषणेचा आकडा आहे. नव्याने जागे झालेले उपकरण आपल्या प्रकारच्या पत्त्यावर हाक मारून पाहते. कोणी ओ दिली नाही तर तो पत्ता स्वतःकडे घेते.

या रचनेतून दोन मर्यादा निघतात आणि अनेक गूढ तक्रारींचा उगम त्यांत आहे. ध्वनियंत्रणेसाठी एकच आकडा असल्याने साउंडबार व रिसीव्हर दोन्ही एकाच टीव्हीला जोडले असता पाठीमागून आलेल्याला पत्ता मिळत नाही आणि टीव्ही त्याला ओळखतच नाही. तसेच प्लेअर प्रकारची तीनच उपकरणे एका वेळी नांदू शकतात. ब्लू-रे प्लेअर, गेम खेळण्याचा कन्सोल आणि दोन स्ट्रीमिंग उपकरणे असलेल्या घरात चौथे उपकरण अनाथ राहते. ते कोणते, हे त्या दिवशी कोण आधी जागे झाले यावर ठरते. 'काल चालत होते, आज चालत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

बंद होणे सोपे, सुरू होणे अवघड

'टीव्हीबरोबर साउंडबार बंद होतो, पण सुरू होत नाही' ही या विषयातील सर्वांत परिचित तक्रार होय. तिचे उत्तर मानकाच्या रचनेतच आहे. बंद करण्यासाठी एकच सर्वमान्य आज्ञा आहे. टीव्ही ती सर्वांना उद्देशून प्रसारित करतो आणि ऐकणारे प्रत्येक उपकरण झोपी जाते.

सुरू करण्यासाठी अशी एक आज्ञा नाही. प्लेअरने टीव्हीला जागे करण्याची आज्ञा वेगळी, टीव्हीने निवडलेल्या प्लेअरला जागे करण्याची वेगळी. ध्वनियंत्रणेला जागे करण्यासाठी टीव्हीने 'ध्वनी तुझ्याकडे घे' अशी विनंती करावी आणि ध्वनियंत्रणेने ती मिळताच, झोपलेली असल्यास, जागे होऊन 'ध्वनी माझ्याकडे आहे' अशी घोषणा करावी, असा मानकातील मार्ग आहे. ती घोषणा ऐकून टीव्ही आपले अंगचे स्पीकर मुके करतो आणि रिमोटवरील आवाजाची बटणे ध्वनियंत्रणेकडे वळवतो. काही टीव्ही मात्र विनंतीऐवजी रिमोटचे पॉवर बटण दाबल्याचा संदेश धाडतात. एका कंपनीच्या टीव्हीने पाठवलेली हाक दुसऱ्या कंपनीच्या साउंडबारला आज्ञा वाटत नाही, तेव्हा दोन्ही उपकरणे आपापल्या परीने बरोबर असूनही साउंडबार झोपलेलाच राहतो.

यात वेळेचाही प्रश्न असतो. संदेशाचे उत्तर शक्यतो २०० मिलिसेकंदांत व जास्तीत जास्त एका सेकंदात यावे, अशी मानकाची अपेक्षा आहे. वीजपुरवठा नुकताच परत आलेला साउंडबार आपली आज्ञावली चढवण्यातच काही सेकंद घालवतो. तेवढ्यात टीव्हीने चौकशी करून 'ध्वनियंत्रणा जोडलेली नाही' असा निष्कर्ष काढलेला असतो आणि आवाज टीव्हीच्या स्पीकरमधूनच येऊ लागतो. भारनियमनानंतर वीज परतते तेव्हा सर्व उपकरणे एकाच क्षणी जागी होतात आणि ही शर्यत हमखास घडते. भारतात भिंतीवरील प्रत्येक सॉकेटला बटण असते व रात्री ते बंद करण्याची चांगली सवय अनेक घरांत आहे. वीजबचतीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु झोपलेले उपकरण हाक ऐकू शकते, वीज तोडलेले उपकरण ऐकू शकत नाही. ज्या घरी सकाळी टीव्हीचे बटण आधी व साउंडबारचे नंतर लावले जाते, तेथे केवळ हा क्रम उलटा केल्याने तक्रार मिटू शकते.

एआरसी व ईएआरसी

सीईसी आणि एआरसी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची सरमिसळ फार होते. सीईसी आज्ञा वाहते आणि ती टीव्हीच्या सर्व एचडीएमआय खोबणींवर चालू शकते. एआरसी आवाज वाहते आणि ती बहुधा 'एआरसी' असे लिहिलेल्या एकाच खोबणीवर असते. एआरसीचा मार्ग उघडण्याची बोलणी सीईसीच्या तारेवर होतात, म्हणून सीईसी बंद केले की एआरसीचा आवाजही जातो. त्रास नको म्हणून सीईसी बंद करणाऱ्यास याचा अनुभव लगेच येतो.

ईएआरसीसाठी बोलणी करण्याचा स्वतंत्र मार्ग असल्याने तिच्यावरील आवाजाला तत्त्वतः सीईसीची गरज नाही. त्यामुळे उलट प्रकारचा घोटाळा संभवतो: आवाज उत्तम येत असतो, पण साउंडबार टीव्हीबरोबर चालू-बंद होत नाही, कारण सीईसी कोणत्या तरी टोकाला बंद आहे. काही टीव्हींच्या सेटिंगमध्ये मात्र उत्पादकाने दोन्ही सोयी एकत्र बांधलेल्या असतात.

साउंडबारच्या बाजूलाही लक्ष द्यावे लागते. त्याला पुष्कळदा दोन खोबणी असतात, एक टीव्हीकडे जाणारी व दुसरी प्लेअर लावण्यासाठी. टीव्हीची केबल चुकून दुसरीत लावल्यास जोडणीचे स्थान सांगणारे पत्ते बिघडतात आणि काहीच धड चालत नाही.

एचडीएमआयविना जोडणी

प्रकाशीय केबलने, म्हणजे टॉसलिंकने, जोडलेल्या साउंडबारकडे केवळ आवाज जातो. 'बंद हो' असा संदेश त्या केबलवरून पाठवताच येत नाही. आरसीए किंवा हेडफोनच्या जोडणीचेही तसेच. अशा वेळी ध्वनिसाधन स्वतःच अंदाज बांधते: संकेत आला तर जागे होते, बराच वेळ शांतता राहिली तर झोपते. म्हणून टीव्ही बंद केल्यानंतर ते लगेच बंद न होता काही मिनिटांनी होते, आणि यात बिघाड काही नाही.

या पद्धतीचा खरा जाच शांत प्रसंगी होतो. ॲनालॉग संकेताची चाहूल घेणाऱ्या मंडलाला दाबाची एक किमान पातळी लागते. रात्री आवाज हळू ठेवून संवादप्रधान चित्रपट पाहताना सबवूफरकडे जाणारा संकेत त्या पातळीखाली राहतो आणि सबवूफर मध्येच झोपी जातो. रिसीव्हरवरून सबवूफरकडे जाणारी पातळी वाढवून सबवूफरच्या पाठीमागील आवाजाची कळ तेवढीच खाली आणल्यास ऐकू येणारा आवाज तोच राहतो, मात्र मंडलाला जागे राहण्याइतका संकेत मिळतो.

झोपी जाण्याच्या या घाईमागे कायदाही आहे. युरोपीय संघाच्या १२७५/२००८ या नियमावलीनुसार २०१३ पासून घरगुती उपकरणांचा सुप्तावस्थेतील वीजवापर साधारणपणे अर्ध्या वॅटपर्यंत मर्यादित करण्यात आला आणि वापरात नसलेल्या उपकरणाने आपणहून त्या अवस्थेत जावे, असे बंधन आले. तीच उपकरणे इतरत्रही विकली जात असल्याने हा कालमापक युरोपाबाहेरच्या ग्राहकांच्याही वाट्याला आला. अनेक उपकरणांत तो सेटिंगमधून बंद करता येतो.

दोषशोधन

प्रथम आवाज कोणत्या मार्गाने जात आहे हे पाहावे लागते. एचडीएमआय व प्रकाशीय अशा दोन्ही केबली लावलेल्या असतील आणि टीव्हीच्या ध्वनी-सेटिंगमध्ये प्रकाशीय मार्ग निवडलेला असेल, तर वीजनियंत्रण एका केबलवर व आवाज दुसरीवर अशी स्थिती होते; दोहोंपैकी एक काढणे श्रेयस्कर. त्यानंतर सीईसीची सोय टीव्ही व ध्वनिसाधन या दोन्हींत सुरू आहे का, हे तपासावे. तिच्या पोटात 'उपकरणे आपोआप बंद करणे' आणि 'टीव्ही आपोआप सुरू करणे' अशी स्वतंत्र पोटसेटिंग असतात. सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर ही सेटिंग मूळपदावर गेलेली आढळू शकतात.

सेटिंग बरोबर असूनही दोष राहिल्यास सर्व उपकरणांची वीज भिंतीवरून तोडून काही मिनिटे थांबण्याचा उपाय सुचवला जातो. तो तोडगा वाटला तरी त्याला तांत्रिक आधार आहे. रिमोटने बंद केलेल्या उपकरणातील सीईसी सांभाळणारा भाग जागाच असतो आणि जुने, चुकीचे पत्ते धरून बसलेला असू शकतो. वीज पूर्ण गेल्यावरच ती स्मृती पुसली जाते. मग आधी ध्वनिसाधन, ते पूर्ण सुरू झाल्यावर टीव्ही आणि त्यानंतर उर्वरित उपकरणे एकेक करून सुरू करावीत.

एवढ्याने भागले नाही, तर इतर सर्व एचडीएमआय केबली उपसून फक्त टीव्ही व ध्वनिसाधन यांची जोडी ठेवावी. ही चाचणी कंटाळवाणी असली तरी सर्वांत उपयुक्त आहे. सामायिक तारेचा तोटा असा की, एखाद्या बिघडलेल्या उपकरणाने ती सतत खाली ओढून धरली तर इतर सर्वांचा संवाद खुंटतो, आणि दोषी उपकरण स्वतः चित्र व्यवस्थित दाखवत असल्याने संशय त्याच्यावर जात नाही. विजेच्या कडकडाटात केबल वा डिशच्या तारेतून सेट-टॉप बॉक्समध्ये शिरलेला दाब एचडीएमआय खोबणीतील नाजूक घटक जाळू शकतो. त्यानंतर साउंडबारचे वीजनियंत्रण बंद पडले, तर आधी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून पाहावी. जोडी एकटी नीट चालली की एकेक उपकरण परत लावत जावे. ज्याच्या आगमनाने दोष परततो ते उपकरण किंवा त्याची केबल कारणीभूत असते.

जोडी एकटी असतानाही दोष राहिला तरच केबल बदलून पाहण्यात अर्थ आहे. काही स्वस्त किंवा जुन्या केबलींत १३ क्रमांकाच्या टोकाची तार नसते, डीव्हीआय रूपांतरकातून ती पुढे जात नाही आणि स्विच वा स्प्लिटर पत्त्यांचा घोळ घालू शकतात. चित्राच्या दर्जासाठी विकली जाणारी महागडी केबल सीईसीच्या दृष्टीने साध्या पण पूर्ण तारांच्या केबलपेक्षा सरस नसते.

तारेवर कोण काय बोलते, हे प्रत्यक्ष पाहताही येते. सर्वसाधारण संगणकांच्या ग्राफिक्स कार्डांत सीईसीची सोय बहुधा नसते, परंतु रास्पबेरी पाय या छोट्या संगणकात ती आहे. लिनक्सवरील लिबसीईसी या मुक्त आज्ञावलीसंचातील साधनाने जोडलेल्या उपकरणांचे पत्ते, नावे व वीजस्थिती यांची यादी मिळते, तसेच टीव्ही सुरू करताच कोणते संदेश निघाले व कोणास पोच मिळाली नाही हेही दिसते. टीव्हीने हाक दिलीच नाही की साउंडबारने ऐकली नाही, या वादाचा निकाल त्यातून लागतो. मात्र सर्वांना उद्देशून केलेल्या घोषणेची पोच उपकरणागणिक मिळत नाही, त्यामुळे 'झोपा' ही आज्ञा कोणी पाळली हे नंतर वीजस्थिती विचारूनच कळते.

अनाहूत सुरू होणे

आपोआप सुरू होणाऱ्या टीव्हीमागे पुष्कळदा एखादे प्लेअर उपकरण असते. रात्री जागे होऊन सॉफ्टवेअर उतरवून घेताना त्याने 'मी सक्रिय आहे' अशी घोषणा केली की टीव्ही उजळतो आणि त्यामागोमाग साउंडबारही. संपूर्ण सीईसी बंद करणे हा त्यावर जालीम पण अनावश्यक उपाय होय, कारण त्यामुळे एआरसीही जाते. त्या एका उपकरणातील टीव्ही सुरू करण्याची सोय बंद केली तरी पुरते. प्लेस्टेशन ५ सारख्या कन्सोलमध्ये टीव्ही सुरू करणे व टीव्हीबरोबर बंद होणे यांची सेटिंग वेगवेगळी दिलेली आहेत. असे सेटिंग नसलेल्या उपकरणासाठी १३ क्रमांकाची तार खंडित केलेला लहान जोड मिळतो. तो उपकरण व केबल यांच्यामध्ये बसवला की चित्र व आवाज अबाधित राहून त्या उपकरणापुरता संवाद तुटतो.

पर्यायी उपाय

दोन उपकरणांचे सीईसी जुळतच नसेल, तर वीज तारेवर नव्हे तर सॉकेटवर नियंत्रित करता येते. टीव्ही ओढत असलेला प्रवाह मोजून इतर सॉकेट चालू-बंद करणारे एक्स्टेंशन बोर्ड मिळतात. टीव्हीच्या यूएसबी खोबणीतील ५ व्होल्टवर रिले चालवूनही तेच साधते; मात्र टीव्ही बंद झाल्यावर ती खोबण खरोखर मृत होते का, हे आधी मापून पाहावे लागते. दोन्हींत अट अशी की, वीज मिळताच ध्वनिसाधन आपणहून सुरू झाले पाहिजे. जुने, खटक्याच्या बटणाचे ॲम्प्लिफायर असे सुरू होतात. साउंडबार मात्र वीज परतल्यावर सुप्तावस्थेतच थांबू शकतात आणि त्यांना सॉकेट-नियंत्रणाचा उपयोग होत नाही. रिसीव्हर, स्वतंत्र ॲम्प्लिफायर व प्रोजेक्टरचा पडदा यांच्यात १२ व्होल्टचा ट्रिगर अधिक भरवशाचा असतो, परंतु टीव्हीवर त्याची खोबण क्वचितच दिली जाते. दिव्याच्या प्रोजेक्टरला सॉकेट-नियंत्रणाखाली ठेवू नये. बंद केल्यानंतर दिवा थंड करण्यासाठी त्याचा पंखा काही काळ चालावा लागतो.